शालनचं बरोबर होतं

प्रिय शालन,

आज सकाळी सांगलीहून फोन आला. त्या वाचनालयाच्या प्रश्नमंजुषेचा. "गुरुजी, यंदा जोडीचं नाव काय लिहू?" त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, "मग कळवतो." तू गेलीस, एवढे दोन शब्द सांगायचे राहिले. म्हणून तुलाच लिहायला बसलो.

तू जाऊन दोन महिने झाले. लोकांना वाटतं, गुरुजी लय धीराचे. धीर कसला! आतून काही हलतच नाही. भूक लागते, झोप लागते, पेपर वाचतो. तुला अग्नी देताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं, सांगू? समुद्रमंथनातली चौदा रत्नं. तेरा आठवली, एक आठवेना. तेवढ्या एकाच गोष्टीचं तेव्हा वाईट वाटत होतं. आपली लेक मनीषा मला धरून रडत होती आणि मी मनात मोजत होतो. असा कसा गं मी?

तुला हा नाद मीच लावला. तू शिलाई मशीनवर बसायचीस आणि मी पडवीतून प्रश्न टाकायचो. तानपुऱ्याला तारा किती? मशीन न थांबवता तू म्हणायचीस, "चार." अष्टप्रधानांत परराज्याशी बोलणी कुणाकडं? "सुमंत." अभंग आणि ओवीतला फरक तर तू मला जात्यावरचं म्हणून दाखवत समजावलास. मी बी.ए., बी.एड., तू वडूजला दहावीपर्यंत शिकलेली. "तुला कुठनं कळलं?" असं मी दर वेळी विचारायचो. कधी एकदा तरी "शाबास" म्हणालो का?

"वाचलं की," एवढंच तू म्हणायचीस. ब्लाउज गुंडाळून आलेल्या रद्दीच्या कागदावर वाचलेलं असायचं ते.

मागच्या वर्षी सांगलीला आपण शेवटच्या फेरीपर्यंत गेलो. तू मोरपंखी साडी नेसली होतीस. आपले आणि त्या मिरजेच्या डॉक्टर जोडप्याचे गुण सारखे. शेवटचा प्रश्न आला, खो-खोत पाठलाग सुरू होताना मैदानावरच्या चौकोनांत किती खेळाडू बसलेले असतात? मी लगेच बझर दाबला. तू माझा शर्ट ओढलास. "आवं, थांबा की! आठ, आठ!" मला ऐकू आलं होतं, शालन. स्वच्छ ऐकू आलं होतं. पण संघ नऊ जणांचा असतो, हे मला पाठ होतं. मी माइकवर ठासून म्हणालो, "नऊ."

बसलेले आठ. नववा पळत असतो.

परतीच्या एसटीत कऱ्हाड येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "चार वरसं त्या आठात बसलीया मी. शाळेच्या टीममदी. इचारलं असतं तर सांगितलं असतं." आवाजात राग नव्हता. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि तू खो-खो खेळायचीस, हे मला तेव्हा कळलं! गुडघ्यावरचा तो व्रण मी पाहिलेला. कशाचा, ते विचारलं नव्हतं.

इथवर नुसती चूक होती. पुढं मी जे केलं ते वाईट होतं.

उंब्रजच्या स्टँडवर उतरलो तर शेजारचे रावसाहेब भेटले. "काय गुरुजी, जितलासा का न्हाई?" मी म्हणालो, "कुठलं! शेवटच्याला हिनं घोटाळा केला." तू माझ्या शेजारी पिशवी धरून उभी होतीस. घरी आल्यावर हातपाय धुतलेस आणि पीठ मळायला घेतलंस. मला वाटलं, तू विसरलीस. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

आज फोन ठेवला आणि तसाच रावसाहेबांकडं गेलो. ते गोठ्यात वैरण टाकत होते. म्हणालो, "रावसाहेब, सांगलीत चूक माझी होती. शालनचं बरोबर होतं. मी खोटं बोललो तुमच्याशी."

त्यांनी वैरण खाली ठेवली. "आवं गुरुजी, काय बोलताय? वयनी दुसऱ्या दिवशी आल्या हुत्या हितं. म्हणल्या, 'माझंच ध्यान न्हवतं, भाऊजी. त्यास्नी कुणी कायबी म्हणू नगा. लय मनाला लावून घेत्यात.' आमी बी मग इषय काढला न्हाई."

मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो.

का गं असं केलंस? भांडायचं होतंस माझ्याशी. स्टँडवर, सगळ्यांसमोर, "खोटं बोलताय तुमी" म्हणायचं होतंस. मी चार दिवस फुगून बसलो असतो आणि मग वठणीवर आलो असतो. तू माझी लाज राखलीस आणि मला कळूही दिलं नाहीस. आता मी माफी कुणापुढं मागू?

मघाशी सांगलीला उलट फोन केला. तू गेल्याचं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला. तो माणूस म्हणाला, "मुलीला घेऊन या, चालेल." मनीषा येते म्हणाली. रावसाहेबही येणार आहेत.

तुला शब्द देतो. रविवारी सांगलीत स्पर्धेआधी ओळख करून द्यायला माइक हातात आला, की आधी तुझं नाव घेईन. मागच्या वर्षीचं उत्तर तुला येत होतं, मी तुला बोलू दिलं नाही आणि वर दोषही तुलाच दिला, हे सगळं त्या भरल्या हॉलमध्ये सांगेन. रडू आलं तर येऊ दे. नाही आलं, तर कोरड्या डोळ्यांनी सांगेन.

तुझा,
दत्तात्रय