रोडग्यांना लागलेलं कुलूप

मुकुटबन,
रविवार

चि. दीपास,

बाबांचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. तू, जावईबापू आणि खुशी मजेत असालच. मीही मजेत आहे, एक गुडघा सोडून. (फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस. पत्राला मीटिंग नडत नाही, म्हणून हे लांबण.)

तुला आईच्या रोडग्यांच्या कृतीची कॉपी हवी आहे. तू पहिल्या पगारातून आणलेल्या रेकॉर्डरमध्ये ती जाण्याआधी बोलून गेली, तीच. तिचा आवाज आता तेवढाच उरला आहे आणि रेकॉर्डरची बॅटरी फुगली आहे, म्हणून तो घेऊन मी एसटीने यवतमाळ गाठलं. दुकानदार विक्कीने बरीच खटपट केली आणि म्हणाला, "काका, कंपनीनं कॉपीले कुलूप लावलं. हे याच्यातच वाजते, बाहीर निघत नाही." कंपनीला गाणी चोरीला जायची भीती असते म्हणे. पण तुझ्या आईचे, सत्यभामेचे रोडगे कोण चोरणार होतं? (ती स्वतः बहिणींना अर्धीच कृती सांगायची, तो भाग वेगळा.)

मग नवा निवडणं आलं. एक पेनासारखा होता. तो मी सदऱ्याबरोबर धुवायला टाकला असता. दुसऱ्याला जुन्याची वायर जोडली, तर तो कुलूप ओळखून गप्प बसला. शेवटी विक्कीने उपाय सांगितला: जुना वाजवायचा, नवा समोर ठेवायचा आणि घरात कोणी आवाज करायचा नाही. माझ्या घरात ही अट फारच सोपी होती. मग मोठ्या बटणाचा घेतला. तपासायला काहीतरी बोला म्हणाला, तर सकाळपासून कोणाशी बोललो नव्हतो, आधी घसाच खाकरावा लागला. मग सोयाबीनचा भाव सांगितला.

घरी दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेवली. तुझी आई कणीक भिजवते, गोळे करते, गोवऱ्यांच्या आरात ठेवते आणि मध्येच हाक मारते, "अवो, आयकून राह्यले का?" मी म्हणालो, "हो, आलो." कॉपी बिघडली. पुन्हा केली, पुन्हा ओ दिली. तोंडात सुपारी धरून पाहिली, तर उठून स्वयंपाकघराकडे निघालो आणि पाटाला अडखळलो. (गुडघा तो हाच.) जन्माची सवय आहे, जाता जात नाही. फार एकटं वाटतं, दीपा.

खुशीला पापा.

तुझे बाबा,
बाबाराव

ता. क. : सुट्टी काढून ये. बटण तू दाब, मी तेवढा वेळ ओट्यावर बसतो.

आणखी एक ता. क. : खोटं कशाला लिहू. परवा शेजारच्या कोकिळावहिनींनी मला ओट्यावर बसवून स्वच्छ कॉपी करून दिली. ती कपाटात आहे. (मी ओ दिलेल्या कॉप्या पुसल्या नाहीत, त्या माझ्याजवळ राहतील.) स्वच्छ कॉपी फोनवरूनही पाठवता येते असं विक्की म्हणतो. मी पाठवणार नाही. कंपनीचं कुलूप निघालं, आता माझं लागलं आहे. रोडगे ऐकायला तुला इथेच यावं लागेल.