मधला तुकडा

प्रिय अर्ध्या मिलीमीटरला,

फिटर मंडळींनी मला ‘मिलीमीटर’ आणि तुला ‘अर्धा मिलीमीटर’ ही नावं ठेवली, त्याला आता सोळा वर्षं झाली. तू आठ वर्षांची होतीस. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर यायचीस, टेपचं दुसरं टोक धरायचीस आणि मी ‘बरोबर’ म्हटल्यावरही ‘जरासं कमी आहे’ म्हणून मोकळी व्हायचीस. आज त्याच नावाने हाक मारतो आहे. दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात करायला हात धजेना. चार कागद फाडले. तुझी आई म्हणाली, एवढे कागद तर पुलाच्या नकाशांनाही लागले नसतील.

तर पूल रविवारी खुला झाला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. पेपरात नऊ छापलं आहे, ते चूक. बँड नाही, मांडव नाही. नदीकाठचे तिन्ही कारखाने कुलपात, घराघरांत एक तरी माणूस कामाविना बसलेला. अशा दिवसांत रोषणाई कुठल्या तोंडाने करणार? महापौरबाई चार मिनिटं बोलल्या. फीत कापायची कात्री बोथट निघाली, दोनदा कापावी लागली. माझ्याकडे मागितली असती तर धार लावून दिली असती.

पहिला दिवस फक्त पायी चालणाऱ्यांचा होता. सातवीत शाळा सुटलेल्या तुझ्या बापाची खुर्ची पहिल्या रांगेत, मुख्य इंजिनिअर साहेबांच्या शेजारी होती, हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पण बसलो कुठे? कठड्याशी उभा राहून माणसंच बघत होतो. कुणी कठडा टकटक वाजवून बघत होतं, कलिंगड घेताना बघतात तसं. पुलाचं काम मिळण्याआधी दीड वर्ष घरी बसलेला आपला वेल्डर म्हाताऱ्या आईला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आला आणि तिला एकेक सांधा दाखवत सुटला. त्यातले निम्मे त्याचे नव्हते. नावाडीदादाही आला होता. हात पाठीमागे बांधून टोकापर्यंत गेला, परत आला आणि मला म्हणाला, “पोटावर पाय दिलात, पण काय नीट दिलात हो.” त्याला पुलाच्या देखरेखीवर घेतलंय. नदी त्याच्याइतकी कुणाला माहीत आहे?

पूल नऊ दिवस उशिरा खुला झाला, हे तू वाचलंच असशील. हवामानामुळे, असं छापून आलं. ते एका अर्थी खरं आहे.

तुला तो दिवस आठवत असेल. दोन्ही काठांकडून पूल पुढे आला होता आणि मधल्या तुकड्याची जागा तेवढी उरली होती. भर दुपारी मी ती मोजत होतो. नुकती इंजिनिअर झालेली तू, नवं हेल्मेट घालून, सगळ्यांसमोर म्हणालीस, “बाबा, पहाटे मोजा. दुपारी लोखंड खोटं बोलतं.” बाकीचे हसले. तुला नाही, मला हसले असं मला वाटलं. मग मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. पुस्तकातल्या पोरींनी बापाला टेप शिकवू नये, इथवर तर सगळ्यांनीच ऐकलं. पुढचं तुला एकटीलाच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात तू दुसऱ्या शहरातली नोकरी धरलीस. स्टेशन पलीकडच्या काठाला. आई होडीपर्यंत आली. मी वर्कशॉपमध्ये होतो, काम नसताना.

मधला तुकडा माझ्या मापाने तयार झाला. साहेबांनी तो पहाटे चढवायला सांगितला, तेव्हा सगळं लोखंड सारखं गार असतं म्हणून. चढवला, आणि भोकं जुळेनात. दुपारच्या उन्हात दोन्ही बाजू फुगून पुढे सरकतात, फट कमी दिसते. गारव्यात त्या मागे जातात. तुकडा अकरा मिलीमीटर तोकडा पडला. मी तीनदा मोजलं. जोडपट्ट्या नव्याने करायला नऊ दिवस गेले. वर्कशॉपवर ढकलता आलं असतं, कुणी शोधायलाही गेलं नसतं. साहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, माप माझं चुकलं, आणि मला आधी सांगितलं गेलं होतं. कोणी, ते त्यांनी विचारलं. सांगितलं. घरी आलो तर तुझ्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाली, “साहेबांना सांगितलंत. जिला सांगायचं तिला?”

म्हणून हे पत्र. तू बरोबर होतीस आणि मी चुकलो होतो, मापात आणि त्या बोलण्यातही. देखरेखीच्या वहीचं पहिलं पान माझ्याच हाताने लिहिलं आहे: ‘सर्व मापे पहाटे घ्यावीत.’ खाली सूचना देणाऱ्या इंजिनिअरचं नाव आहे, पूर्ण, आडनावासकट. रविवारी सगळं शहर पलीकडे जाऊन आलं. मी मधल्या तुकड्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. पुढचा अर्धा पूल अजून चाललेलो नाही. पुलाचं पहिलं अधिकृत माप पुढच्या महिन्याच्या एक तारखेला घ्यायचं आहे. तुझ्या शहराकडून येणारी गाडी त्या पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी स्टेशनात येते, मी चौकशी केली आहे. होडीची वाट बघायची आता गरज नाही. तू तिकडून चालत ये, मी इकडून येतो. टेपचं दुसरं टोक मी अजून कुणाच्या हातात दिलेलं नाही.

तुझाच,
अकरा मिलीमीटरने चुकलेला
बाबा