काच खाणारं रक्त

३ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझी भाची अडली आहे. माझ्या विज्ञानकथेतल्या परग्रहावरच्या प्राण्याचं रक्त म्हणजे जहाल आम्ल. थेंब पडला की यानाला भोक, अंगावर उडाला की माणसं किंचाळत सुटतात. पण संपादकबाई विचारतात, मग तो प्राणी स्वतःच कसा विरघळत नाही? आम्लाच्या टाक्यांपाशी जन्म घालवलेला, बाबांनंतर, आपल्यात तूच एक.

आई बरी आहे. बाबांना जाऊन परवा अकरा वर्षं झाली. त्या सकाळी ती त्यांच्याशी भांडली म्हणूनच त्यांचं हृदय बंद पडलं, हे तिचं अजून चालूच असतं. तू येऊन समजावलंस की चार दिवस बरे जातात. उत्तर लवकर धाड, नाहीतर प्राण्याला तुझंच नाव देते.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
भाची

१२ मार्च

चि. लेखिकाबाईंना अ. उ. आ.

नाव खुशाल दे. त्याच्या नसांना आतून मेणाचा थर असू दे. आमच्या काच कोरायच्या कारखान्यातलं आम्ल काच खायचं, पण मेणाला हात लावायचं नाही. काचेवर मेण फासायचं आणि उघड्या जागी नक्षी कोरायची, हाच आमचा धंदा.

एक मात्र तू चुकीचं लिहिलं आहेस. पातळ केलेलं ते आम्ल अंगावर पडलं, तर माणूस किंचाळत नाही. आधी काही दुखतच नाही. ते कातडीतून आत झिरपतं, रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि काही तासांनी हृदय थांबतं.

एवढं लिहून मी चार दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं. त्या दिवशी कारखान्यात भाऊजींची, तुझ्या बाबांची, विजार मांडीपर्यंत भिजली. गंधकाम्लावर काम करायचो तेव्हापासूनची आमची सवय होती, ओलं झालं की जरा थांबायचं. चुरचुरलं तर आम्ल, नाहीतर पाणी. आम्ही थांबलो, चुरचुरलं नाही. पाणीच आहे, पाळी पुरी करा, असं मी म्हणालो. मुकादम मी होतो. त्या आम्लावरचं मलम माझ्याच कपाटात होतं. दुपारी ते बाकावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला आणि मी भिजल्याचं बोललो नाही. ताईच्या भांडणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तिला तोंडानं सांगायची हिंमत मला झाली नाही. तिला सांगायचं का, ते आता तूच ठरव.

लोभ मागायला तोंड नाही.
मामा

२० मार्च

ती. मामास नमस्कार.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. आधी काही दुखतच नाही, ते वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, आता तरी तिच्या मनावरचं ओझं उतरेल.

शेवटी एवढंच म्हणाली, की अकरा वर्षं मी त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि त्यानं मला रडू दिलं.

भाची