ऐकणारी तार

मु. आंबाटोला, जि. गोंदिया
२४ नोव्हेंबर २०२३

चि. उमेंद्र यास भाऊचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आईचं बीपी वाढलंय. गुड्डू शाळेत जातो, पण बाप कुठे गेला म्हणून पोरं विचारतात, तेव्हा मारामारी करून येतो. धान कापून झाला, मळणी राहिली. तू फोन बंद करून बसलास, म्हणून रायपूरचा पत्ता अंजूकडून मागितला. ती देईना. तुझी बायको तुझ्यासारखीच हट्टी. "फक्त पत्र लिहीन," असं कबूल केलं तेव्हा दिला.

दुकानात वाइंडिंगच्या मोटारी येऊन पडल्यात, हात लावला नाही. रेडिओही बंद. थंडीत खालच्या बँडवर लांबलांबची स्टेशनं लागतात, वर्षभर मी याच दिवसांची वाट पाहतो, हे तुला काय सांगायचं! पण आता ऐकायला एरियलची तारच नाही. पोलिसांनी गुंडाळून नेली.

किती हौसेनं बांधली होती रे आपण. बांबू तू तोडलेस, घरापासून थेट रानाच्या कडेपर्यंत शेताच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं तूच रोवलेस. शेजारी शेजारी दोन तारा आणि दोन्ही टोकांना डबीत एकेक कॉइल. घरात खटका दाबला की जपानकडचं ऐकणारी तार उलटून आफ्रिकेकडचं ऐकायची. पहिल्या दिवशी तू तो खटका सोडेनास. "भाऊ, इथं बसल्या बसल्या तार तोंड फिरवून राहिली!" म्हणून लहान पोरासारखा हसत होतास. मला तुझं ते हसणं आठवायचं असतं, पण डोळ्यांसमोर दुसरंच येतं.

तेव्हा गाव त्या तारेला भ्यायचं. आपल्या कापणीला दरसाल येणारी नंदाबाई तर लांबून वळसा घेऊन जायची. मीच तिला बोलावलं. तार मुठीत धरून दाखवली, मग तिलाही धरायला लावली. म्हटलं, "वहिनी, ही तार फक्त ऐकते. हिच्यात करंट नाही आणि कधी येणारही नाही." त्या दिवसापासून बाया तिच्यावर ओले पदर वाळवायच्या, निसरड्या धुऱ्यावर तिचाच आधार घ्यायच्या. मला त्याचा केवढा अभिमान होता!

डुकरांनी धान लोळवला की माणसाचं डोकं फिरतं, हे मलाही कळतं. नागझिऱ्याच्या कडेला राहायचं तर डुकरं येणारच. पंपाच्या लाईनवर आकडा टाकून करंट सोडणारा तू गावात एकटा नाहीस. त्यावरून आपण दरवर्षी भांडलो आणि दरवर्षी तू मान डोलावलीस. यंदा मात्र तुला आयतीच तार दिसली. रानाकडच्या टोकाला डुकरांसाठी गुडघ्याच्या उंचीपर्यंत तारेचे फाटे खाली सोडलेस आणि माझ्या तारेत करंट घातलास. रेडिओ बंद केला की घराकडचं टोक मी काढून ठेवतो, हे तुला पक्कं ठाऊक होतं. ते मी त्या रात्री जोडलेलं ठेवलं असतं तर! रेडिओ जळाला असता आणि मला कळलं असतं, आणखी काय झालं असतं?

अंजूनं मला सगळं सांगितलं. रात्री लाईन गेली, म्हणून आकडा न काढताच तू घरी येऊन झोपलास. उजाडता उजाडता लाईन आली. नंदाबाई विळा घेऊन धुऱ्यावर चढली, पाय घसरला आणि रोजच्या सवयीनं तिनं तार धरली.

मी धावत गेलो तेव्हा रानाकडची डबी काळी पडली होती, कॉइलचा कोळसा झाला होता. मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, करंट कुठून आला हे मला कोणी सांगायला नको होतं. तसाच घरी आलो, तर तुझी चप्पल नव्हती. तू तिला उचलायलाही थांबला नाहीस. उमेंद्र, याचा मला अजून राग आहे.

तार माझी, रेडिओचं लायसन माझ्या नावावर, म्हणून जबाबही मलाच मागितला. आई म्हणाली, "तुया रेडिओनंच झालं म्हून सांग. तुले लेकरंबाळं नाईत, त्याले आहेत." तिनं हे ताटावर बसवून सांगितलं. मी उठून गेलो. पण खोटं कशाला लिहू, बरेच दिवस मी तसंच सांगायचं मनात धरलं होतं. तुझ्या जागी मी आत गेलो तर रडणारं कोण आहे?

मग बिसराम दुकानात आला. नंदाबाई, त्याची बायको, गेल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुमीच तिले तार धराले लावली होती ना? करंट नाई म्हून तुमीच सांगितलं ना? मंग आला कोठून? पोरगी खुशी विचारते, तिले काय सांगू?"

त्याला मी सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं. तो उठून गेला.

आणि आज सकाळी ठाण्यात जबाब देऊन आलो. आकडा, फाटे, जळालेली कॉइल, सगळं लिहून दिलं. त्यांनी तुझा पत्ता विचारला. अंजूला दिलेला शब्द आठवला. तरी दिला.

घरी आल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही. अंजूला अजून सांगितलेलं नाही, हे पत्र बंद केलं की सांगणार आहे. बिसरामचा भाचा विक्की रायपूरला चाललाय, त्याच्याच हाती हे देतोय. दुसऱ्या कोणाच्या हाती देणं मला बरं वाटलं नाही. त्याच्या नजरेला नजर दे आणि पत्र घे.

पोलीस पोहोचायच्या आत आपल्या पायानं ये. रायपूरहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी गोंदिया स्टेशनवर उभा असेन. ठाण्यात सोबत येईन, कोर्टातही येईन. तुझ्या शेजारी बसेन, पण तुझ्या बाजूनं बोलणार नाही.

अजूनही तुझाच भाऊ,
लीलाधर