एका खणात दोघी

प्रिय शेंडेफळास,

तू साइटचा पासवर्ड पाठवलास तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबा गेले, दुकान बंद झालं, एवढी एक ओळ टाकायची, तर ती तूच का नाही टाकलीस? त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची साइट तूच तर बनवलीस. गेली दोन वर्षं मी त्यातलं ‘आमचं घर’ हे पान उघडते आणि तोंड वाकडं करून मिटते. पत्नी म्हणून आई, जावई म्हणून तुझा नवरा, नातू म्हणून तुझा लेक, आणि मुलगी एकच: तू. मी भांडून घर सोडलं, बाबांशी बोलणं टाकलं, सगळं कबूल. पण म्हणून नावच पुसायचं? ते बाबांनी पुसायला लावलं की तुझी अक्कल, हे मला शोधायचंच होतं.

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फाइल उघडली. पानाच्या साच्यात तुझा साधासुधा लूप: डिक्शनरीतलं एकेक नातं घ्यायचं, पुढे नाव छापायचं. त्यात काही खोट सापडेना. मग नात्यांपुढे नावं लिहिलेली ती डिक्शनरी पाहिली. ती बाबांनी स्वतः भरलेली. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर घालायचे तशी प्रत्येक ओळीशेजारी तारीख. ‘मुलगी’, पुढे माझं नाव. त्याखाली पुन्हा ‘मुलगी’, पुढे तुझं. डिक्शनरीत एका नात्याला एकच खण. दुसऱ्यांदा त्यात काही ठेवलं की आधीचं गुपचूप जातं. त्यांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी माझं नाव लिहिलं होतं, गं, आणि तेही आधी. मी डबा तसाच ठेवून रडले.

तुला मात्र ठाऊक होतं. दोन वर्षांत पान एकदाही नीट पाहिलं नाहीस, की पाहून मूग गिळून बसलीस? हा संशय काही केल्या जात नाही.

आता ‘मुलगी’पुढे दोघींची यादी केलीय, लूपच्या आत आणखी एक लूप, दोन्ही नावं दिसतात. पण ते करण्याआधी मी फक्त ओळींची अदलाबदल केली होती. जाणूनबुजून. काल दिवसभर त्या पानावर बाबांना मुलगी एकच होती, मी. संध्याकाळी आईचा फोन आला, “धाकटीनं स्वतःचं नाव काढलं का गं?” मी म्हटलं, माहीत नाही. ती तुला विचारेल. तिला खरं सांग, मला जमलं नाही.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
ताई