केळीच्या सावलीतली सुपारी

चौल, मंगळवार, संध्याकाळ

आज मॅडमनी पाहुण्यांसमोर आमच्या लॅबचं काम मांडलं. माझं नाव कुठेच नाही. तेही गिळलं असतं, नावं गळतात. पण सुपारी?

अंडाशयातली फॉलिकल्स, म्हणजे बीज धरणाऱ्या इवल्या पिशव्या, बशीत एकेकटी वाढवायला गेलो की मरायची. आधी आधाराच्या पेशी वाढू द्या, मग त्यांच्यात फॉलिकल ठेवू, हे मी म्हटलं होतं. मॅडमना पटेना, म्हणून त्यांना घरी जेवायला आणलं आणि बाबांची सुपारीची वाडी दाखवली. बाबांनी समजावलं: आधी केळ लावायची, ती वाढली की तिच्या सावलीत सुपारीचं रोप. उघड्यावर लावलं तर करपतं. मॅडम किती वेळ वाकून बघत होत्या!

आणि आज म्हणाल्या, "लहानपणी आमच्या वाडीत वडील केळीखाली सुपारी लावायचे. त्यावरून मला हे सुचलं."

आमच्या वाडीत? सगळं बालपण दादरला तिसऱ्या मजल्यावर गेलंय बाईंचं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. का वाजवल्या मी?

मुंबईहून सुटलेली बोट मांडव्याला लागेपर्यंत ते "वडील" डोक्यातून जाईना. काम घेतलंत, घ्या. माझे बाबा पण?

घरी आले तर बाबांनी मॅडमसाठी सुपारीचं रोप पिशवीत लावून ठेवलेलं. "गॅलरीत सावलीला ठेवा म्हनावं."

"नको बाबा. त्यांची स्वतःची वाडी आहे."

बाबा हरखलेच. "व्हय? कधी बोलल्या न्हाईत त्या. कुठं हाय?"