दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं

३ फेब्रुवारी
एकशे चार भाग. तीस वर्षांपूर्वीची विनोदी मालिका, आता पुन्हा दाखवणार आहेत. माझं काम – सगळे भाग बघायचे आणि जिथे एखादं पात्र स्वतःसारखं वागत नाही, त्या भागावर फुली मारायची. फुलीवाले भाग गाळणार. साहेब म्हणाले, "घरमालकीण खडूसच हवी. मधेच गोड झाली की लोक चॅनल बदलतात."
दिवसभर विनोद बघण्याचा पगार! आज एकदाही हसले नाही.

६ फेब्रुवारी
भाग ९. भित्रा जावई चक्क चोराच्या मागे धावला. कारण शोधलं – लेखक बदलला होता. नव्या लेखकाने आधीचे भाग बघितलेच नसणार.
भाग २२. घरमालकीण भाडेकरूच्या गळ्यात पडून रडते. कारण – सुट्टीआधीचा शेवटचा भाग. त्या भागात सगळ्यांनाच पाझर फुटतो, पुढच्यात परत पहिले पाढे पंचावन्न.
भाग ३०. वरच्या खोलीतले मास्तर, जे कधी चार शब्द बोलत नाहीत, ते लांबलचक किस्सा सांगतात. कारण – किस्सा चांगला होता, कुणाच्या तरी तोंडी घालायचाच होता.
माणसं उगाच बदलत नाहीत. पडद्यामागे काहीतरी झालेलं असतं. मला ते कारण कळल्याशिवाय फुली मारवत नाही. सवय वाईट आहे, वेळ फार जातो.

८ फेब्रुवारी, रविवार
आईबाबांकडे गेले. बाबा बोलत होते. चाळीस वर्षं नकाशे काढले त्यांनी, घरात "हं" आणि "चहा" एवढीच भाषा. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले तेव्हापासून तर तेही बंद – दिवसभर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. आणि आज दारातच सुरू! "आईचा गुडघा बरा आहे. शेजारच्या वहिनींच्या मुलीचं जमलं. आईला मुलगा पसंत नाही."
आई मटार सोलत बसली होती. नुसती हसली. तिच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं. "बरं नाही का?" असं तिला विचारलं, तर उत्तर बाबांनीच दिलं.
मला रागच आला. मी आईशी बोलायला गेले होते.

११ फेब्रुवारी
भाग ४७. कुणीच कुणासारखं नाही. फुली.

१३ फेब्रुवारी
भाग ६१ ते ६८. आठही भागांत मास्तर नुसते बोलतायत, तेही घरमालकिणीसारखं टोचून टोचून. आणि ती बाई खुर्चीत विणत बसलीये. लेखक तोच, दिग्दर्शक तोच. आठ फुल्या मारायच्या म्हणजे सलग आठ भाग गाळायचे. कारण सापडत नाही. तेव्हाचे सहायक दिग्दर्शक अजून आहेत म्हणे. त्यांचा नंबर मिळवला.

१६ फेब्रुवारी
सहायकांना फोन लागला. आवाज खणखणीत. म्हणाले, "घरमालकीण करणाऱ्या बाई वाक्यं विसरायला लागल्या होत्या. आधी वाटलं, दमल्या असतील. मग वाचनाला बसलो की त्यांची दोन-दोन वाक्यं आम्ही वाटून घ्यायचो. मास्तर सगळ्यात जास्त घ्यायचे. कागदावर काही नाही. वर कळलं असतं तर बाईंच्या हातात लगेच नारळ."
"आणि विणकाम कशाला?"
"हात रिकामे दिसले की बघणारा वाट बघतो, आता ही बोलेल म्हणून."
फोन ठेवला. चहा आणायला उठले आणि मधेच थांबले. आई. मटार. घाबरले मी, साफ घाबरले. चहा राहिलाच.

१७ फेब्रुवारी
घरी चार वेळा फोन केला. चारही वेळा बाबांनीच उचलला. आई आंघोळीला, आई खाली, आई झोपलीये. "मला सांग, मी सांगतो तिला."
शेवटी सरळ विचारलं, आई विसरायला लागलीये का? मग म्हणाले, "दूध उतू गेलं. तीनदा. गॅसवर ठेवते आणि जाते निघून. बोलताना पण अडकते. पण तिला काही झालेलं नाही. मी आहे ना."
म्हणजे आता दूध तेच तापवतात. भाजी तेच आणतात. तिच्या गोळ्या वहीत लिहून ठेवतात – रकाने आखून, नकाशासारखे. आणि कुणी आलं की तिच्या वाटचं बोलतात. हे सगळं बाबा!
रडले थोडी. शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेतली. बाबा नाही म्हणत होते, त्यांचं ऐकलं नाही.

१८ फेब्रुवारी
साहेबांनी विचारलं, "एकसष्ट ते अडुसष्ट, आठ फुल्या ना?"
"एकही नाही."
"मास्तर असे वागतात होय?"
"घरमालकीण अडचणीत असली की वागतात."
साहेब म्हणाले, "तुम्ही वाद घालणाऱ्यातल्या नव्हतात." खरं आहे. नव्हते.

२० फेब्रुवारी
डॉक्टर आईला विचारत होते आणि बाबा उत्तरं देत होते. तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं. मग आईने तारीख सांगितली, वार सांगितला, शंभरातून सात-सात वजा करत थेट दोनपर्यंत आली. कुठेही अडकली नाही. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.
दाराशी तिने माझा दंड धरला. "ह्यांना सांगू नकोस. पहिल्यांदा दूध खरंच विसरले गं. ते पलंगावरून उठून धावत आले. पुढच्या दोन्ही वेळा मी दाराआड उभी होते, ते उठायची वाट बघत."